केन अँडरसन की अर्ल मोरॉल: आधी कोणाला पाहावं?

एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, दोन-चार हंगाम बघून झाली की जुने सामने बघायची ओढ लागते. मग क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारे खेळाडू, बघायचे तर जॉनी युनायटस, जो नेमथ, टेरी ब्रॅडशॉ ही ठरलेली नावं येतात. ती पाहायलाच हवीत. पण त्यांच्यानंतर कोण, असं कुणी विचारलं की मी केन अँडरसन आणि अर्ल मोरॉल यांची नावं घेतो. दोघांनाही एकेका वर्षी एमव्हीपी, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा, किताब मिळाला, मोरॉलला १९६८ मध्ये आणि अँडरसनला १९८१ मध्ये. दिग्गजांचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये मात्र दोघांनाही जागा मिळाली नाही, आणि अँडरसनच्या बाबतीत तर मला हा उघड अन्याय वाटतो.

खेळ समजून घ्यायचा असेल तर अँडरसन. तो १९७१ ते १९८६ अशी सोळा वर्षं एकट्या सिनसिनाटी बेंगल्सकडून खेळला. तिथे साहाय्यक प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी त्याला घडवलं. लांब फेकीची वाट बघत बसायचं नाही, छोटा पास अचूक वेळेवर सोडायचा. झेलणारा वळतो तेव्हा चेंडू त्याच्यापाशी आलेला असतो. आज दर रविवारी दिसणारा खेळ बऱ्याच अंशी इथूनच आला. १९७४ मध्ये पिट्सबर्गसारख्या बचावापुढे त्याने २२ पैकी २० पास पूर्ण केले. १९७८ चे नियम येण्याआधी बचावपटू झेलणाऱ्याला वाटेत धक्के देऊन अडवू शकत होते, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचा.

'हे सगळं वॉल्शचं श्रेय' असं म्हणणारे भेटतात. पासर रेटिंगमध्ये, म्हणजे पास फेकण्याच्या कामगिरीच्या गुणांकात, अँडरसन चार वेळा लीगमध्ये पहिला आला: १९७४, १९७५, १९८१ आणि १९८२. शेवटच्या दोन वेळी वॉल्श सिनसिनाटी सोडून गेलेले होते. जानेवारी १९८२ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, तर ते सॅन फ्रान्सिस्कोचे मुख्य प्रशिक्षक म्हणून समोरच्या बाजूला उभे होते.

तोच सामना बघा. मध्यंतराला बेंगल्स ०-२० मागे. तिसऱ्या सत्रात अँडरसन स्वतः धावत चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेतो, म्हणजे टचडाउन करतो, आणि मग संघ पुन्हा अगदी रेषेशी येतो. एक यार्ड उरलेला, तिसरा डाउन, म्हणजे चारपैकी तिसरा प्रयत्न. अँडरसन त्याच्या सवयीचा छोटा पास बाजूला चार्ल्स अलेक्झांडरकडे देतो. चेंडू हातात येतो न येतो तोच सॅन फ्रान्सिस्कोचा डॅन बन्झ त्याला कवेत घेऊन रेषेच्या अलीकडेच आडवा करतो. पुढच्या डाउनलाही काही मिळत नाही. अखेर २१-२६ अशी हार. अँडरसनचे ३४ पैकी २५ पास पूर्ण, ३०० यार्ड. हा सामना मी पुन्हा पुन्हा बघतो आणि दर वेळी त्या एका यार्डाशी थांबतो.

मोरॉल एका सामन्यात कळत नाही. एकवीस हंगाम, सहा संघ, आणि बहुतेक काळ दुसऱ्या कुणाच्या तरी मागे. १९६८ मध्ये युनायटस जखमी झाला म्हणून त्याला बाल्टिमोरची सूत्रं मिळाली. संघाने १४ पैकी १३ सामने जिंकले. मग जेट्सविरुद्धच्या सुपर बोलमध्ये त्याचाच झेलणारा जिमी ऑर मोकळा उभा राहून हात हलवत असताना मोरॉलने मधोमध पास टाकला आणि तो प्रतिस्पर्ध्याने पकडला. लोकांच्या आठवणीत तेवढंच राहिलं. खरं तर १९७२ आठवायला हवं. प्रशिक्षक डॉन शुला यांनी त्याला शंभर डॉलरमध्ये मायामीला घेतलं, पाचव्या सामन्यात तिथल्या नेहमीच्या क्वार्टरबॅकचा, बॉब ग्रीसीचा, पाय मोडला आणि ३८ वर्षांच्या मोरॉलने पुढे सलग अकरा सामन्यांत सुरुवात केली. अकराही जिंकले. सुपर बोलला मात्र शुलांनी बरा झालेल्या ग्रीसीला उतरवलं. मायामीचा तो हंगाम १७-० असा संपला.

मनाचा ओढा इतिहासाकडे असेल तर जेम्स हॅरिसही आहे. १९६९ मध्ये बफेलोकडून हंगामाचा पहिला सामना सुरू करणारा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक, आणि १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाला सुपर बोलच्या उंबरठ्यापर्यंत नेणारा. पण त्याच्या वाट्याला संधीच इतक्या कमी आल्या की नुसत्या आकड्यांवरून त्याला जोखणं बरोबर नाही.

तीन तास मोकळे असतील तर अँडरसनचा १९८२ चा सामना लावा. मोरॉलसाठी मायामीचा अख्खा १९७२ हंगाम काढा, ऑक्टोबरपासून पुढे, जितके तुकडे मिळतील तितके.