सीएनजी कीट लावलेल्या गाडीत पी०१७१ पुन्हा पुन्हा: सेन्सर बदलायचा, जोडण्या तपासायच्या की गॅसचं ट्युनिंग?

बाहेरून सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं) सीएनजी कीट बसवलेली पेट्रोल गाडी, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा आणि स्कॅनरवर दोषाचा कोड पी०१७१. कोड पुसला की दोन-चार दिवस शांतता, मग पुन्हा तेच. गॅरेजात बहुतेकदा पहिला सल्ला मिळतो तो ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचा. पण पी०१७१ म्हणजे ‘मिश्रण पातळ आहे’ (हवेच्या मानाने इंधन कमी) ही एक्झॉस्टमधल्या या सेन्सरने दिलेली खबर. खबर देणाराच बिघडला असेल तर सहसा वेगळे कोड येतात: हीटरच्या सर्किटसाठी पी०१३५, सिग्नलच्या सर्किटसाठी पी०१३०, मंद प्रतिसादासाठी पी०१३३. त्यामुळे नुसता पी०१७१ दिसत असेल तर सेन्सर हा यादीतला शेवटचा संशयित.

आपण गॅसवर चाललो आहोत हे मूळ ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) ठाऊकच नसतं. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा हे तो पेट्रोलच्या हिशेबाने ठरवतो. कीटचा ईसीयू तो सिग्नल मध्येच अडवतो, त्याला गुणक लावतो आणि गॅसचा इंजेक्टर उघडतो. निकाल कसा लागला ते ऑक्सिजन सेन्सर सांगतो आणि मूळ ईसीयू त्याप्रमाणे इंधन कमी-जास्त करत राहतो. ही दुरुस्ती म्हणजे फ्युएल ट्रिम. ती साधारण अधिक २५ टक्क्यांच्या आसपास अडकली की दिवा लागतो. घोळ असा, की गॅसवर शिकलेली लाँग टर्म (ईसीयूने लक्षात ठेवलेली) ट्रिम पेट्रोलवर आल्यावरही काही काळ तशीच राहते. मग पेट्रोलवर गाडी अडखळते, वास मारते आणि दोष भलत्याच भागावर ढकलला जातो.

आधी मोजा, मग पैसे काढा

हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर (गाडीतले कोड आणि आकडे वाचणारा) आणि फोनवरचं एखादं ॲप पुरतं. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाची नोंद) लिहून ठेवा: आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान आणि दोन्ही ट्रिम (शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाची, आणि लाँग टर्म). मग कोड पुसून ३०-४० किमी फक्त पेट्रोलवर चालवा. इंजिन पूर्ण गरम असताना आयडलला (उभ्या गाडीत, पाय न देता) आणि २५०० आरपीएमला ट्रिम नोंदवा. नंतर तेवढंच अंतर फक्त गॅसवर चालवून पुन्हा नोंदवा. शॉर्ट आणि लाँग टर्मची बेरीज ±१० टक्क्यांत असेल तर ठीक समजा.

| ट्रिम कुठे चढते | संशय कशावर | आधी काय करावं |
|---|---|---|
| फक्त गॅसवर, सगळीकडे | गुणक, नोझल, झिजलेली इंजेक्टर रेल | ट्युनिंग |
| फक्त गॅसवर, चढावर किंवा जोर दिल्यावर | गॅस फिल्टर, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) | फिल्टर बदल, दाब तपासणी |
| फक्त पेट्रोलवर | पेट्रोल पंप, चिकटलेले इंजेक्टर | इंधन दाब तपासणी |
| दोन्हींवर, आयडलला जास्त | हवेची किंवा एक्झॉस्टची गळती | स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) |
| कधीही, विशेषतः पावसात | कीटच्या वायरचे जोड | वायरिंग |

तिसऱ्या ओळीकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. सीएनजीवाले पेट्रोलची टाकी कायम रिझर्व्हवर ठेवतात. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड होतो, आणि न वापरलेल्या इंजेक्टरमध्ये पेट्रोल सुकून चिकटा धरतो. टाकी पाव भरलेली ठेवणं आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर काढणं पंप बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

गॅसचं ट्युनिंग

ट्रिम फक्त गॅसवर चढत असेल तर पैसे इथेच घाला. पण ट्युनिंगआधी लो-प्रेशर गॅस फिल्टर बदललेला हवा, नाहीतर तुंबलेल्या फिल्टरवर बेतलेला गुणकांचा नकाशा फिल्टर बदलल्यावर चुकतो. स्पार्क प्लगही बघा. सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिमी ठेवतात. मिसफायर झाला (सिलिंडरमध्ये इंधन पेटलं नाही) की न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये येतो आणि सेन्सर त्यालाच ‘पातळ’ म्हणतो. पी०१७१ सोबत पी०३०० ते पी०३०४ या मिसफायरच्या कोडांपैकी काही असेल तर सुरुवात प्लग आणि कॉइलपासूनच करा.

ट्युनिंग करणारा काम जाणतो की नाही हे एका गोष्टीवरून कळतं. २५०० आरपीएमला गाडी स्थिर धरून तो पेट्रोलवरून गॅसवर जातो आणि मूळ ईसीयूचा पेट्रोल इंजेक्शन टाइम बघतो. तो जवळपास तोच राहायला हवा. पेट्रोलवर ३.५ मिलिसेकंद असताना गॅसवर ४.२ झाला, तर गॅस सुमारे २० टक्के कमी पडतोय आणि त्या भागात गुणक वाढवायला हवा. हेच आयडलला आणि रस्त्यावर लोड देऊन करावं लागतं. लॅपटॉप लावून उभ्या गाडीत ‘ऑटो कॅलिब्रेशन’चं बटण दाबून पैसे मागणाऱ्याकडे परत जाऊ नका. चढावर गॅसचा दाब पडत असेल तर रिड्यूसरच्या दुरुस्तीला पर्याय नाही. गुणक वाढवून तो दोष फक्त झाकला जातो.

स्मोक टेस्ट

कीट बसवताना इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीला) भोकं पाडून नोझल बसवतात आणि व्हॅक्यूम नळीला टी जोडतात. सीलंट सुटणं आणि रबर तडकणं इथेच होतं. एअरफ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत अशा गळतीने आयडलला ट्रिम चढते आणि वेग वाढला की उतरते. पण आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्या मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या) चालतात. त्यांत बाहेरून शिरलेली हवा मॅनिफोल्डचा दाब वाढवते आणि ईसीयू तिला धरूनच इंधन देतो. तिथे ट्रिमपेक्षा चढलेलं किंवा डोलणारं आयडल हीच खूण. पुढच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरआधीच्या) ऑक्सिजन सेन्सरआधीची एक्झॉस्टची गळती मात्र दोन्ही इंधनांवर खोटं ‘पातळ’ दाखवते. गॅस्केटपाशी काजळीचा पट्टा दिसतो का ते थंड इंजिनावर बघा.

वायरिंग

हाताने पिळून टेप गुंडाळलेले जोड कोकणातल्या एका पावसाळ्यात हिरवे पडतात. दिवा पावसात लागतो आणि उन्हात जातो, तर बाकी काही बदलायच्या आधी हे जोड उघडा. सोल्डर करून हीटश्रिंक चढवा. इंजिन चालू असताना अर्थ वायरवरचा व्होल्टेज ड्रॉप ०.१ व्होल्टच्या आत हवा. काही फिटर कीटसाठी ऑक्सिजन सेन्सरची सिग्नल वायर टॅप करतात. तो टॅप काढून मूळ वायर नीट जोडली आणि दोष गेला, तर सेन्सरचे पैसे वाचले.

सेन्सर बदलणं

बदलण्याआधी जागेवरच तपासा. साधा झिर्कोनिया सेन्सर गरम इंजिनावर ०.४५ व्होल्टच्या वर-खाली झरझर फिरतो, झटकन जोर दिल्यावर ०.८ च्या पुढे जातो आणि गिअरमध्ये पाय काढल्यावर ०.१ च्या खाली येतो. हे तिन्ही होत असेल तर तो जिवंत आहे. (वाइडबँड सेन्सरला हे आकडे लागू नाहीत, तिथे स्कॅनरवर लॅम्डा म्हणजे हवा-इंधनाचं प्रमाण बघा.) टोकावर पांढरी पूड असेल तर मॅनिफोल्डला लावलेल्या सिलिकॉन सीलंटने त्याला मारलं असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी सेन्सर-सेफ सीलंट न वापरता नवा बसवला तर तोही जाईल. बदलायचाच तर गाडीच्या मूळ पुरवठादाराचा घ्या. कापून जोडायचा ‘युनिव्हर्सल’ सेन्सर म्हणजे आणखी एक जोड.

स्पेसर आणि एम्युलेटर

स्पेसर (सेन्सर एक्झॉस्टच्या प्रवाहातून मागे सरकवणारा तुकडा) लावतात तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरच्या सेन्सरला, आणि त्याने दबतो तो पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड. पी०१७१ वर त्याचा परिणाम नाही, तरी याच कोडसाठी तो विकला जातो. पुढच्या सेन्सरला एम्युलेटर (सेन्सरऐवजी बनावट सिग्नल देणारा) लावला तर दिवा जाईल, पण ईसीयू आंधळा होईल. कोरड्या सीएनजीवर पातळ मिश्रण दीर्घकाळ जळलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट जळतात, म्हणजे थेट सिलिंडर हेडचं काम. हा पर्याय कुठल्याच परिस्थितीत घेऊ नका.

काम झाल्यावर कोड स्वतः पुसून घरी निघू नका. दोष खरंच गेला असेल तर सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर (गाडी चालू करून, चालवून बंद करणं ही एक फेरी) दिवा आपोआप जातो. तोवर दोन्ही इंधनांवरची ट्रिम पुन्हा मोजून ठेवा आणि मेकॅनिकचे उरलेले पैसे त्यानंतर द्या.