रद्दीतल्या क्रीडा मासिकांचा गठ्ठा: आठ महिने वाचल्यावर

सोलापूरची गड्ड्याची यात्रा उठली त्या आठवड्यात रद्दीच्या दुकानातून जुन्या क्रीडा मासिकांचा गठ्ठा उचलला. वजन भरलं 11.5 किलो. "वाचायला नेताय तर 40 रुपये किलो, पुड्या बांधायला नेताय तर 20," असं दुकानदार म्हणाला. हा हिशेब मला अजून कळलेला नाही, पण 460 रुपये दिले. मराठी अंक जास्त, इंग्रजी थोडे. कुणीतरी नीट वर्षवार लावून ठेवलेले होते आणि मग घरच्यांनी एका झटक्यात विकून टाकले असावेत.

आधी तक्रारी. कसर लागलेली आहे, पहिले तीन दिवस सगळे अंक गच्चीवर उन्हात टाकावे लागले (सोलापुरात उन्हाला तोटा नाही). दुसरी तक्रार मोठी. आधीच्या मालकाने मधली रंगीत पोस्टरं काढून घेतलीत, आणि पोस्टरच्या पाठीवर बहुतेक वेळा मुख्य लेखाचं शेवटचं पान असायचं. त्यामुळे किती तरी थोर खेळाडू माझ्याकडे ऐन निवृत्तीच्या तोंडावर येऊन थांबलेत.

मी घेतला होता तो आकडेवारीसाठी. जुने धावफलक चाळायचा नाद आहे. प्रत्यक्षात वाचले गेले ते खेळाडूंवरचे मोठे लेख, तेही मामांमुळे. माझा शाळेच्या गणवेशांचा छोटा कारखाना आहे. मामा दुपारी तिथे येऊन बसतात. मिल चालू होती तेव्हा ते मिलमध्ये कामाला होते, त्याआधी तालमीत. आता मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी मोठ्याने वाचतो.

हे लेख मोठ्याने वाचायचेच नसतात, हे आठवडाभरात कळलं. डोळ्यांनी वाचताना 'धावांची भूक', 'जिद्दीचा महामेरू' असले शब्द आपण ओलांडून जातो. तोंडाने म्हणायची वेळ आली की लाज वाटते. मामा तर सरळ म्हणायचे, "हे सोड बे, पुढं काय झालं ते वाच." बऱ्याच लेखांत पुढे काहीच होत नव्हतं.

गठ्ठ्यात पैलवान खाशाबा जाधवांवर पाच लेख निघाले. त्यांना 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केल्याचा प्रसंग पाचही लेखांत आहे. तो असायलाच हवा, डोळ्यांत पाणी आणणारा आहे. पण चौथ्या लेखाला मामा वैतागले. "घर सगळ्यांनी गहाण टाकलं, कुस्ती कुणीच धरली नाही." मला ते तेव्हा विनोदी वाटलं. आठ महिन्यांनंतर वाटतं, असा लेख पारखायला याहून चांगलं माप नाही.

पाचव्या लेखाने कुस्ती धरली होती. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले, त्यावर बाकीचे लेख एक ओळ खर्च करून हेलसिंकीला पळतात. हा लेखक लंडनलाच थांबला. लाल मातीत मल्ल पाठीवर पडला की कुस्ती निकाली. मॅटवर घड्याळ असतं, गुण असतात, उभ्या-उभ्या हरता येतं. पायाखाली माती नाही, गादी आहे. गोळेश्वरच्या आखाड्यात वाढलेल्या माणसाला हे सगळं ऐन स्पर्धेत शिकावं लागलं. मामांनी हात वर करून मला थांबवलं आणि मातीत पाय कसा रुततो, मॅटवर तो का सरकतो, हे दहा मिनिटं सांगितलं. शिलाईवाल्या दोन बायका मशीन थांबवून ऐकत होत्या. मग 1952 चं कांस्यपदक आलं, 57 किलो गटातलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते आलं तेव्हा चार वर्षांत काय बदललं ते आम्हाला ठाऊक होतं. घर त्या लेखातही होतं, पण मागच्या पानांवर, आणि तिथे ते जास्त लागलं.

दुसरा लेख क्रिकेटपटू पॉली उम्रीगरांवरचा. इथे माझा स्वार्थ आहे. त्यांचा जन्म आपल्या सोलापूरचा, 28 मार्च 1926. वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय, पुढे शाळकरी वयात कुटुंब मुंबईला गेलं. कपड्याच्या धंद्यातला सोलापूरकर म्हणून मी या लेखाकडून फार अपेक्षा ठेवल्या होत्या. सोलापूरला तीन शब्द मिळाले: 'जन्म सोलापूर येथे'. एखाद्या लेखकाने एसटी पकडून इथे यायचं होतं, दोन दिवस पेठांतून फिरायचं होतं. काही सापडलं नसतं तरी त्या न सापडण्यावर दोन परिच्छेद झाले असते.

बाकी लेख मात्र अव्वल. सुरुवातच 1952 च्या इंग्लंड दौऱ्यातल्या कसोट्यांपासून: 7 डाव, 43 धावा. इंग्लंडचा वेगवान गोलंदाज फ्रेड ट्रूमन धावत आला की उम्रीगरांचे पाय लेगकडे सरकायचे. हा अपमान लेखकाने लपवला नाही आणि चघळलाही नाही. उंचापुरा माणूस, कौंटी संघांविरुद्ध धावांचे ढीग रचतोय आणि कसोटीत उभा राहू शकत नाही, एवढं मांडून ठेवलं. मग 1955 मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223, भारतीयाचं पहिलं कसोटी द्विशतक. पुढे 1959, पुन्हा इंग्लंड, ओल्ड ट्रॅफर्डवर 118. मी एरवी हे आकडे कोष्टकात वाचले असते आणि सरासरी काढून मोकळा झालो असतो. 43 आणि 118 शेजारी ठेवल्यावर मधली सात वर्षं दिसायला लागतात.

दोन दौऱ्यांच्या मध्ये आणखी एक पान आहे: वेस्ट इंडिजविरुद्धच्या मद्रास कसोटीच्या आदल्या रात्री, संघनिवडीच्या वादातून त्यांनी कर्णधारपद सोडलं. इतर लेखांत हा 'वाद' म्हणून चौकटीत जातो. इथे तो स्वभाव म्हणून येतो, आणि मग 1962 ची पोर्ट ऑफ स्पेन कसोटी (56, नाबाद 172 आणि 107 धावांत 5 बळी) वेगळीच वाचली जाते. याचं शेवटचं पान पोस्टरसोबत गेलंय. कुणाकडे असेल तर फोटो पाठवा.

पी. टी. उषांवरचा एक लेख थोडक्यात चुकला. 1984, लॉस एंजेलिस, 400 मीटर अडथळे, 55.42 सेकंद, शतांशाने पदक हुकलं. शेवटच्या पावलाला छाती पुढे झोकायची राहिली, ही अख्ख्या शर्यतीची गोष्ट लेखकाच्या हातात होती. त्याने ती सांगून पुढची दोन पानं देशाच्या दुर्दैवावर घालवली.

खेळाडूशी थेट गप्पांचे लेख मला तरी फिके वाटले. मोठा खेळाडू शंभर वेळा दिलेलं उत्तर एकशे एकाव्यांदा देतो. त्यापेक्षा त्याला गोलंदाजी केलेला माणूस, त्याच्याशी जोर काढलेला माणूस बोलला की कान टवकारतात.

मध्ये दोन महिने मोबाईलवर एक मासिकांचं अ‍ॅपही घेऊन पाहिलं. अक्षर मोठं करता येतं, कसर नाही, पोस्टर कुणी फाडत नाही. पण बंद केल्यावरही एक महिना पैसे कापले, आणि मामांना पानाचा आवाज येत नाही म्हणून लेख किती उरलाय ते कळायचं नाही. बंद केलं.

कुणासाठी? क्रिकेटचे आकडे हवे असतील तर घेऊ नका, ते मोबाईलवर फुकट आहेत. घरात ऐकणारं कुणी असेल तर डोळे मिटून घ्या, फक्त पोस्टरं शाबूत आहेत का ते आधी बघा. माझे 5 पैकी 4 गुण, एक कापला तो फाटलेल्या पानांसाठी. खाशाबांचा तो अंक मामा घरी घेऊन गेलेत. वाचता येत नाही तरी परत देत नाहीत.