कॅसेटचा डावा-उजवा आवाज: ऑडॅसिटी वापरून झालेले काही महिने

आखाजीची (अक्षय तृतीयेची) झोक्यावरची आणि खानदेशातल्या कानबाई देवीच्या जागरणाची गाणी आमच्याकडे जुन्या कॅसेटींवर आहेत, मोठ्या मायनं आणि गल्लीतल्या बायांनी म्हटलेली. अमळनेरला घरीच ती संगणकावर उतरवतोय, त्याला बरेच महिने झाले. सगळं काम ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रामवर. फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं.

अडचण बहुतेक कॅसेटींची एकच: डाव्या कानात आवाज भरून, उजव्यात दबलेला. यावर सर्रास सांगितलं जातं की नॉर्मलाइज (आवाज ठरावीक पातळीवर आणायची सोय) उघडा आणि दोन्ही चॅनल, म्हणजे डावी-उजवी बाजू, स्वतंत्र करायची खूण करा. पण नॉर्मलाइज फक्त सगळ्यात उंच शिखर बघतं. एका गाण्यात उजवीकडे वायर हलल्याचा खटका आला होता. तेवढ्या खटक्यामुळे प्रोग्रामच्या लेखी ती बाजू आधीच मोठी, आणि मायचा आवाज होता तिथेच. अशा वेळी आधी खटका काढायचा, मग लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये आरएमएस (शिखराऐवजी सरासरी पातळी बघणारा पर्याय) निवडून चॅनल स्वतंत्र करायचे. फरक लगेच कळतो. मात्र मुळातच स्टिरिओ, म्हणजे दोन्ही बाजूंना वेगळा आवाज असलेल्या मैफलीला हे करू नका. तबला मुद्दाम एका बाजूला ठेवलेला असेल तर तोही जागेवरून ओढला जातो.

घरच्या रेकॉर्डिंगचं गणित तर याहून सोपं आहे. एकाच माइकचा मोनो टेपरेकॉर्डर होता, म्हणजे दोन्ही बाजूंना तेच गाणं. मग फरक येतो तो वाजवताना, मळलेल्या किंवा तिरक्या हेडमुळे (टेप वाचणाऱ्या भागामुळे). आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसानं हेड पुसलं की अर्धं काम तिथेच होतं. नंतर मी दोन्ही चॅनल एकत्र ऐकत हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित किंचित फिरवतो, आवाज सगळ्यात उघडा होईपर्यंत. एका कॅसेटवर असं केल्यावर झोक्याच्या दोराची करकर ऐकू आली! एरवी ती दबूनच गेली होती. एवढं करूनही एक बाजू खराबच राहिली, तर ट्रॅक दोन मोनोत फोडून चांगली बाजू ठेवतो, दुसरी काढून टाकतो. कमकुवत बाजू ६ डेसिबलनं वाढवली की तिची खरखरही तेवढीच वाढते; आणि टेपवरून न उतरलेले बारीक सूर कोणतंही बटण परत आणत नाही.

मूळ उतरवलेली २४ बिटची वेव्ह फाइल मात्र हात न लावता वेगळी ठेवा, सगळे बदल तिच्या प्रतीवर करा.