पॉवर प्रेसवरचा लाइट कर्टन : आठ महिने वापरल्यावर

भोसरीत आमचं छोटं प्रेस शॉप आहे. 63 टनी न्यूमॅटिक क्लचची (हवेच्या दाबावरचा, मध्येच सोडता येणारा क्लच) एक प्रेस, बाकी तीन जुन्या, की-क्लचच्या. मागच्या वर्षी त्यातल्या एकीनं डबल स्ट्रोक मारला, म्हणजे पेडल एकदाच दाबलेलं असताना ती दुसऱ्यांदा खाली आली. ऑपरेटरनं पेडलवरून पाय काढलेला होता, डायमध्ये (साच्यात) वाकडा बसलेला ब्लँक, म्हणजे पत्र्याचा तुकडा, तो सरळ करत होता. दोन बोटांची पेरं गेली. त्यानंतर लाइट कर्टन घ्यायचं ठरलं, म्हणजे डायपुढे किरणांचा पडदा : हातानं किरण तुटले की प्रेस थांबते.

विक्रेता चारही प्रेसना लावून द्यायला तयार! आमच्या मेंटेनन्सच्या काकांनी अडवलं. की-क्लच एकदा अडकला की रॅम (प्रेसचा वरखाली होणारा भाग) पूर्ण फेरा मारूनच थांबतो, मध्ये किरण तुटले काय नि न तुटले काय. त्या तिन्हींना शेवटी जाळीचे फिक्स गार्ड बसवले, ब्लँक सरकवायला तेवढी फट ठेवली. पीस कमी निघतात म्हणून कुरकुर झाली. पीसरेटवरचा माणूस कुरकुरणारच, रेट वाढवून दिला.

63 टनीवर फिटरनं कर्टन डायपासून वीतभर अंतरावर बसवला. दिसायला झकास. पण हिशोबात हाताचा वेग सेकंदाला 2000 मिमी धरतात, आणि किरण तुटल्यापासून रॅम थांबेपर्यंत आमच्याकडे 0.2 सेकंद लागत होते. म्हणजे किमान 400 मिमी हवेत (कर्टन 14 मिमी रिझोल्यूशनचा, म्हणजे बोटाएवढी वस्तूही ओळखणारा, म्हणून वर काही मिळवावं लागत नाही). वीतभरावरचा कर्टन म्हणजे दारावरची लिंबू-मिरची. मागे सरकवून घेतला, बाजूंनी पत्रे मारले, कारण हेल्पर तिथून हात घालायचा.

सहाव्या महिन्यात पुन्हा मोजलं तर 0.24 सेकंद. ब्रेकचं लायनिंग झिजलं होतं, म्हणजे गरज 480 मिमीची आणि कर्टन 400 वर. त्याच दिवशी प्रेस बंद ठेवून लायनिंग बदललं. हे विक्रेत्यानं सांगायला हवं होतं.

तक्रारी दोन. तेलाचा थर काचेवर बसला की प्रेस उगाच थांबते, दर शिफ्टला पुसावं लागतं. दुसरी, बायपासची, म्हणजे कर्टन निकामी करायची, किल्ली पॅनेललाच लटकलेली येते. एका रात्रपाळीत ती फिरवलेली सापडली. सकाळी टेस्ट रॉड (कर्टन तपासायची कांडी) किरणांमध्ये घातला, तरी लाल दिवा लागेना, म्हणून कळलं. आता किल्ली माझ्या खिशात असते.

पुढची न्यूमॅटिक प्रेस आली की हाच कर्टन लावेन. स्टॉप टाइम मोजून कागदावर लिहून देईल, त्याच्याकडूनच.