गरम गाडीचा दोष आणि थंड गाडीची दुरुस्ती: एका फसवणुकीचा अनुभव

मोटारसायकल सकाळी पहिल्या किकला सुरू होते, रस्त्यावर विनातक्रार धावते, पण तापल्यावर एकदा बंद केली की अर्धा-पाऊण तास काही केल्या पुन्हा सुरू होत नाही, हा दोष पुष्कळांच्या परिचयाचा आहे. याच दोषाचा फायदा घेऊन एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून ६,५०० रुपये कसे काढले, ते सविस्तर लिहीत आहे, कारण त्याने वापरलेली युक्ती कोणाच्याही गाडीवर चालण्यासारखी आहे.

माझी गाडी १०० सीसीची, एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-सहा नियम लागू होण्याच्या आधीची, म्हणजे कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) आणि सीडीआय (प्लगची ठिणगी नेमक्या वेळी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असलेली. शाळेच्या कामासाठी मला गुहागर तालुक्यातून तवसाळ-जयगड फेरीबोटीने रत्नागिरीकडे वरचेवर जावे लागते. तवसाळच्या जेट्टीपर्यंतच्या चढउतारांवर इंजिन चांगलेच तापते आणि बोटीत गाडी बंद करावी लागते. आता बंद गाडी लगेच निवू लागते असे आपण धरून चालतो, पण प्रत्यक्षात वारा लागणे थांबल्यामुळे इंजिनातली उष्णता आजूबाजूच्या, ठिणगीशी संबंधित कॉइलपर्यंत आणि कार्ब्युरेटरपर्यंत पसरत जाते आणि पहिली काही मिनिटे हे भाग चालत्या गाडीतल्यापेक्षाही जास्त तापतात. नेमक्या त्याच वेळी बोट जयगडला लागते. तिथे उतारूंची घाई, मागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्या आणि समोर चढ असताना माझी गाडी हटकून अडू लागली.

रस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली, तोपर्यंत ती निवून सुरूही झाली होती. गॅरेजवाल्याने प्लग काढला नाही, मीटर लावला नाही, गाडी फिरवून पाहिली नाही, नुसता आवाज ऐकून तो म्हणाला, “गुरुजी, इंजिन बसलंय. बोअर-पिस्टन केल्याशिवाय इलाज नाही, आणि सीडीआयपण गेलाय.” बोअर-पिस्टन म्हणजे इंजिन उघडून सिलिंडर घासून मोठा करायचा आणि त्यात नवा पिस्टन बसवायचा. गाडी त्याने ठेवून घेतली, पैसे यूपीआयने घेतले आणि पक्के बिल मागितल्यावर “बिलबुक संपलंय” असे सांगितले. गाडी ताब्यात देताना त्याने माझ्यासमोर एक किक मारली आणि ती तत्काळ सुरू झाली.

हा दोष गाडी थंड झाल्यावर आपोआप नाहीसा होतो. त्यामुळे गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीला काहीही केले, किंवा काहीच केले नाही, तरी ती परत देताना दुरुस्त झालेलीच दिसते. पुढच्या वेळी ती जयगडला पुन्हा अडली, तेव्हा “नवीन पिस्टन आहे, थोडा जाम असणारच” हे उत्तर तयार होते. वास्तविक बोअर-पिस्टन केलेली गाडी देताना कोणताही मेकॅनिक सुरुवातीला गाडी दामटू नका आणि ऑइल लवकर बदला असे बजावतोच. मला यातले एक अक्षरही सांगितले गेले नव्हते.

खरा प्रकार शृंगारतळीच्या एका वयस्क मेकॅनिकमुळे उघड झाला. त्यांनी प्रथम गाडी तापेपर्यंत फिरवून आणली, बंद करून थोडा वेळ उभी ठेवली आणि ती सुरू होत नाही याची खात्री झाल्यावरच पाना हातात घेतला. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, नटांकडे बोट दाखवून ते म्हणाले, “गुरुजी, हे इंजिन कोणी उघडलेलंच नाही.” मी वाकून पाहिले. नटांच्या कडांवर जुना गंज आणि त्यात बसलेली तांबडी माती जशीच्या तशी होती, पान्याचा एक ताजा ओरखडाही नव्हता; हेड आणि त्याखालच्या सिलिंडर ब्लॉकच्या सांध्यावरून गेलेला ऑइल-धुळीचा थर कुठेही तुटलेला नव्हता. सीडीआय मात्र खरोखर बदललेला होता. कंपनीचा काढून त्या जागी बिननावाचा लोकल बसवला होता.

त्यानंतर त्यांनी प्लग काढून कॅपमध्ये घातला, त्याची बॉडी प्लगच्या भोकापासून दूर इंजिनाला टेकवली आणि किक मारली. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून हे अंतर राखणे अत्यंत आवश्यक आहे. ठिणगी पडली नाही. मग मॅग्नेटच्या कव्हरमधून येणाऱ्या पिकअप कॉइलच्या (ठिणगी केव्हा पाडायची याचा इशारा सीडीआयला देणारी कॉइल) वायरींना मीटर लावला, तर सर्किट पूर्ण तुटलेले दाखवत होते. गाडी निवल्यावर त्याच वायरींवर व्यवस्थित रीडिंग आले. या कॉइलची तार केसासारखी बारीक असते. ती आत कुठे तडकली की थंडपणी टोके एकमेकांना चिकटून राहतात, आणि तापल्यावर सगळेच प्रसरण पावून ती सुटतात. कॉइल बदलायला काहीशे रुपये लागले आणि त्यानंतर गाडी जयगडच्या चढावर अडलेली नाही.

गरम गाडी सुरू न होण्याचे कारण दर वेळी कॉइलच असते असे मात्र नाही. ठिणगी नीट पडत असेल आणि किक नेहमीपेक्षा हलकी लागत असेल, तर टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग, घट्ट झाले आहेत का हे पाहावे. व्हॉल्व्ह तापून लांबतो आणि पूर्ण बसत नाही, त्यामुळे कॉम्प्रेशन निसटते. टॅपेटची गॅप इंजिन थंड असतानाच मोजायची असते. टाकीचे झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येऊन गाडी सुरू झाली, तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. चोक न ओढता पूर्ण रेस देऊन किक मारल्यावरच गाडी सुरू होत असेल, तर पेट्रोल जास्त जात आहे. आपल्या खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, त्याही तपासाव्यात. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतण्याचा सल्ला जेट्टीवर कोणी ना कोणी देतोच. तो कृपया मानू नये, धातूला तडा जाऊ शकतो.

“पिस्टन-रिंगा गेल्या” असे कोणी म्हणाले, तर गाडी धूर काढते का, ऑइल कमी होते का आणि थंड असताना सुरू व्हायला त्रास देते का, हे आधी विचारावे. माझ्या गाडीत यातले काहीच नव्हते. काम करून घ्यायचे ठरलेच, तर काढलेला पिस्टन आणि इतर जुने पार्ट ताब्यात मागावेत, बोअर केल्यावर बसवायच्या पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइजचा आकडा असतो तो इंजिन पुन्हा जोडण्याआधी पाहावा, आणि गाडी घेताना ती तिथेच तापवून, बंद करून, पुन्हा सुरू करून दाखवायला सांगावे.

मी त्या गॅरेजमध्ये परत जाऊन माझा मूळ सीडीआय आणि जुना पिस्टन मागितला, तेव्हा दोन्ही भंगारात गेल्याचे सांगण्यात आले. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची नोंद, न उघडलेल्या हेडचे फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकने लिहून दिलेला कागद मी जपून ठेवला आहे. तेवढ्याने दाद मिळाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि त्या मुदतीत मी तिथे अर्ज करणार आहे.