जुने हेड कोरावे की 500चे बसवावे?

बुलेट 350चे बॅरल (सिलिंडर) बदलून 70 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 84 केला आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 90च ठेवला, तर 346 सीसीचे इंजिन 499 सीसीचे होते. प्रश्न उरतो हेडचा, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाचा. जुने हेड लेथवर कोरून घेणे स्वस्त पडते, परंतु दहनकक्ष पुरेसा वाढला नाही तर कॉम्प्रेशन (हवा-इंधनाचे दाबले जाणे) चढते आणि जळगाव-भुसावळच्या 45 अंशांच्या मे महिन्यात चढावर इंजिन नॉकिंग (इंधन अवेळी पेटून ठोके) करू लागते. शिवाय व्हॉल्व्ह लहानच राहिले, तर मोठ्या सिलिंडरला श्वास पुरत नाही, आणि मोठ्या सीट (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्या) बसवण्याइतका धातू तिथे असेलच असे नाही. (एकदा जास्त कोरलेले परत भरणे किती कटकटीचे, ते खरादवाल्यालाच विचारावे.) बुलेट 500चे हेड महाग खरे, पण त्याचा कक्ष आणि व्हॉल्व्ह त्याच बोअरसाठी घडवलेले असतात, मी तेच निवडीन, मात्र स्टडची (हेड आवळणाऱ्या बोल्टची) छिद्रे जुळतात का, हे आधी तपासून.