पोलादी दार की पक्की चौकट?

घराची सुरक्षा वाढवायचं मनावर घेतलं की निवड शेवटी दोन वाटांवर येऊन ठेपते. एक तर जुनं लाकडी दार चौकटीसकट उखडायचं आणि तीन-चार जागी बोल्ट टाकणारं मल्टिपॉइंट लॉकचं पोलादी दार बसवायचं. नाहीतर आहे तेच दार ठेवून चौकट, बिजागऱ्या आणि कुलूप पक्कं करून घ्यायचं. मी दोन्ही दारांमागे राहिलोय. आधीचं घर भाड्याचं होतं, तिथे पोलादी दार आयतंच मिळालं. आताच्या घरात लाकडी होतं आणि ते बदलावं की नाही यावर घरात बरीच खलबतं झाली. शेवटी नाही बदललं. माझी कारणं तुमच्या घराला लागू पडतीलच असं नाही, पण ठरवताना हाताशी असलेली बरी.

पत्र्याची जाडी, रंग, हँडलचे प्रकार यांत शिरत नाही, ते कॅटलॉगमध्ये असतंच. त्याआधी दार नेमकं कुठे हार खातं ते बघू.

कुलूप खरेदी करताना आपण डोळ्यांसमोर आणतो तो तारेने कुलूप उघडणारा चोर. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी अल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपवाल्याने ब्रामा कंपनीचं, तोवर कुणालाच न उघडलेलं कुलूप उघडून दाखवलं, पण त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास खपावं लागलं. एवढी सवड कुठल्या चोराला असते? तो दाराला लाथ घालतो, नाहीतर फटीत पहार सारून रेटा देतो. त्या रेट्याला कुलपाआधी कुलपासमोरची चौकट फुटते. बोल्ट जिच्यात शिरतो ती पट्टी पुष्कळ दारांना वीस-पंचवीस मिलिमीटरच्या दोन स्क्रूंवर टिकून असते. स्क्रू लाकडाचा तेवढा टवका घेऊन निघतात. कुलूप शाबूत, बोल्ट बाहेर आलेला तसाच, आणि दार सताड उघडं.

या बाबतीत पोलादी दार उजवं आहे, यात वाद नाही. फळी आणि चौकट एकमेकांसाठीच बनलेली असतात, चौकट अँकरने थेट भिंतीत जाते, आणि बोल्ट वर-मध्ये-खाली पडत असल्यामुळे पहार कुठेही लावली तरी जोर वाटला जातो. बिजागऱ्यांच्या बाजूला स्थिर खुंट्या असतात, त्यामुळे बिजागऱ्या कापल्या तरी दार निघत नाही. युरोपात यासाठी ईएन १६२७ हे मानक आहे, त्यात दारांना मजबुतीप्रमाणे आरसी वर्ग देतात. आरसी २ वर्गाच्या दाराने स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, पाचर अशा हत्यारांपुढे तीन मिनिटं टिकायचं असतं आणि आरसी ३ ने पहारीपुढे पाच मिनिटं. हे आकडे ऐकून हसू येईल, पण ही मिनिटं हत्यार प्रत्यक्ष चालू असतानाची आहेत आणि त्या वेळात आवाज होतो. घरफोडीत आवाज कुणालाच परवडत नाही.

मात्र ‘पोलादी’ म्हणून विकली जाणारी सगळीच दारं या तोलाची नसतात. पातळ पत्रा आणि आत पुठ्ठ्याची जाळी, असलंही दार लांबून तितकंच भारदस्त दिसतं. कुठल्या वर्गाची चाचणी झाली आहे त्याचा कागद मागावा. आणि तो वर्ग फळी, चौकट, कुलूप अशा अख्ख्या संचाला मिळालेला असतो. त्यातलं एक बदललं की कागदाला अर्थ उरत नाही.

आता माझी तक्रार. आधीच्या घरातलं दार दर्जाचंच होतं. ओढून घेतलं की फक्त मधलं लॅच, म्हणजे स्प्रिंगवरची तिरपी जीभ, लागायचं. बोल्ट टाकायचे तर हँडल वर उचलायचं आणि मग किल्ली फिरवायची. नवं असताना याचं कौतुकच वाटायचं, तिन्ही बोल्ट एकदम खट्‌कन बसायचे. पण पोलादी फळी जड. हळूहळू ती बिजागऱ्यांवर उतरली, किती म्हणाल तर दोन-तीन मिलिमीटर. तेवढ्याने खालचा बोल्ट भोकात जाण्याऐवजी त्याच्या कडेवर बसायला लागला. भोकाच्या खालच्या काठावरचा रंग उडून तिथे नखाएवढी चकचकीत चंद्रकोर उमटली होती. हँडल उचलताना तिथेच अडायचं. मग एका हाताने फळी वर तोलायची, दुसऱ्याने हँडल खेचायचं, आणि बोल्ट बसले की किल्ली फिरवायची. कारागीर यायचा, बिजागऱ्यांचे स्क्रू ॲलन कीने पिळायचा, काही दिवस दार गुण्यागोविंदाने नांदायचं. नंतर पुन्हा तेच.

मला ते जमायचं. आईला नाही. तिचं मनगट आधीच दुखरं, ती दार ओढून घ्यायची आणि म्हणायची, “लागलं बरं का.” लॅच लागलेलं असायचं, हे खरंच. बाहेरून फिरणारी मूठ नव्हती, त्यामुळे दार बंद वाटायचंही. पण नुसतं लॅच प्लॅस्टिकच्या जाडसर पट्टीनेही मागे सारता येतं. म्हणजे दुपारभर आई एकटी घरात, आणि ते एवढं थोरलं दार एका तिरप्या जिभेवर उभं. तिला दोन-तीनदा समजावलं. मग लक्षात आलं की समजवायचं तिला नाही, दाराला आहे, आणि ते ऐकणार नाही.

माझ्यापुरता निकाल इथेच लागला. सुरक्षा मी मोजलेली नाही, पहार घेऊन तपासायलाही गेलो नाही. फक्त जे कुलूप घरातलं सगळ्यात अशक्त माणूस रोज लावत नाही, ते माझ्या हिशेबात धरायचं नाही, एवढं ठरवलं.

पोलादी दारावर अन्याय नको म्हणून सांगतो, सगळ्यांचं असंच होतं असं नाही. तीन दिशांना जुळवता येणाऱ्या दणकट बिजागऱ्या असतील आणि चार असतील, तर दार सहसा उतरत नाही. शिवाय दार ओढताच बोल्ट आपोआप टाकणारी लॉकही मिळतात. ती घेतलीत तर माझी निम्मी तक्रार गळून पडते. निम्मीच म्हणतो, कारण फळी उतरली की आपोआप पडणारा बोल्टही अडतोच, फक्त तो अडला हे हाताला कळत नाही.

आताच्या घरात सुताराला बोलावलं तेव्हा आधी फळी तपासली. ही पायरी गाळू नका. कुलपाच्या आसपास बोटाने टकटक करून बघा. पोकळ आवाज आला, म्हणजे आत पातळ पट्ट्या आणि हवा असलेलं फ्लश डोअर असेल, तर मजबुतीच्या भानगडीत पडू नका, दार बदला. आमची फळी भरीव होती, चाळीस मिलिमीटरच्या आसपास.

सुताराने पट्टीचे स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवले. करंगळीच्या पेराएवढेसुद्धा नव्हते. मग त्याने त्याच भोकातून एक लांब खिळा आत सारला. तो चौकटीपलीकडे गेला आणि हवेतच राहिला. चौकट आणि भिंत यांच्यात बोट जाईल एवढी फट होती, वरून गिलाव्याने झाकलेली. म्हणजे नुसते लांब स्क्रू घालूनही भागलं नसतं. पहार लावली की चौकट त्या फटीत वाकते आणि बोल्ट सुटतो. त्याने कुलपाच्या आणि बिजागऱ्यांच्या पातळीवर कठीण लाकडाच्या पाचरी ठोकून फट भरली, मग चौकटीतून आरपार भिंतीत शंभर मिलिमीटरचे अँकर घेतले. लाकडी सांगाड्याची भिंत असेल तर पाऊणशे मिलिमीटरचे स्क्रू खांबापर्यंत पोचतात, तेवढं पुरतं. जुन्या पट्टीच्या जागी लांब, पेटीसारख्या खोलगट घराची पट्टी आली. सगळ्या कामात दिसण्याजोगं असं काही झालंच नाही. शेजाऱ्यांना वाटलं, दाराला रंग दिला.

कुलूप मात्र नवं घेतलं. बोल्ट निदान २५ मिलिमीटर बाहेर पडावा, नाहीतर चौकट थोडी ताणली तरी तो सुटतो. युरो सिलिंडर, म्हणजे किल्ली जिच्यात जाते ती वेगळी काढता येणारी नळी, घेणार असाल तर एक बघा. सिलिंडर बाहेरच्या पाटीच्या तीन मिलिमीटरहून जास्त पुढे डोकावत असेल तर त्याला पकडून मोडता येतं, कारण मधल्या स्क्रूच्या भोकापाशी त्याची कंबर बारीक असते. अशा मोडीला दाद न देणारे सिलिंडर मिळतात. त्यांच्या पुढच्या भागात मुद्दाम एक खाच असते, तेवढाच तुकडा तुटतो आणि बाकीचं कुलूप जागच्या जागी राहतं. दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर बिजागरीची कांडी बाहेर येते. तिथे बिजागरीच्या बाजूला दोन लपत्या खुंट्या बसवून घ्याव्यात. आणि आतून किल्ली नको, फिरवायची चकती हवी. धूर झाला तर अंधारात किल्ली सापडत नाही. दाराशेजारी फोडता येण्यासारखी साधी काच असेल तर मात्र चकतीपर्यंत हात पोचतो. तिथे आधी काच बदलावी.

हे कुलूप आई दोन बोटांनी लावते. माझं मत तिकडे का झुकलं ते यावरून कळेल. तरीसुद्धा घर एकाकी असेल, महिनोन्‌महिने बंद राहत असेल, किंवा चौकटच वाळवीने पोखरली असेल, तर मी पोलादी दाराच्याच बाजूने बोलेन. बंद घराचं दार रोज लावायचं नसतं, तिथे माझा मुद्दा लंगडा पडतो.

दार जपलं तसा थोडा पैसाही वाचला आणि तो खिडक्यांकडे वळवता आला. तिथेही दोन पक्ष आहेत, ग्रिल आणि सुरक्षेची काच.

काचेत एक गफलत सर्रास होते. टफन्ड काच साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट म्हणून खपवली जाते. ती बळकट असते, पण टोकदार वस्तूचा एक नेमका फटका बसला की अख्खी तुकडे-तुकडे होऊन खाली येते आणि वाट मोकळी. तिचा गुण असा की तुकडे बोथट असतात, जखम कमी होते. चोर अडवायला लॅमिनेटेड काच लागते: दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी या प्लॅस्टिकचा चिवट पडदा, काच तडकते पण पडद्याला चिकटून राहते. ईएन ३५६ मानकात पी४ए दर्जाच्या काचेवर ४.११ किलोचा पोलादी गोळा नऊ मीटर उंचीवरून तीन वेळा टाकतात आणि तो पार जाता कामा नये. अशी काच फोडायला बसलेला माणूस दमतो, आणि भरपूर वाजतो. आहे त्या काचेवर चिकटवायची फिल्मही असते. ती कडेने चौकटीशी बांधून घेतली नाही तर फिल्मसकट काच आत ढकलता येते.

काच चौकटीत धरणाऱ्या पट्ट्या कुठल्या बाजूला आहेत तेही पाहावं. त्या बाहेर असतील तर भारीतली काचही पट्टी उचकटून अलगद काढता येते. सरकत्या खिडक्यांचं दुखणं आणखी वेगळं. कडी लागलेली असताना पल्ला वर उचलून ट्रॅकमधून काढता येतो का, हे स्वतः करून बघा. वरच्या ट्रॅकमध्ये अडकण बसवलं की ते थांबतं. त्यासाठी नव्या खिडक्या घ्यायची गरज नाही.

ग्रिल म्हणजे जुनं, खात्रीचं काम, आणि त्यात खिडकी उघडी ठेवून निजता येतं. काचेचं कवच खिडकी उघडताच संपतं. वारा लागतच असेल तर हा मुद्दा छोटा नाही. फक्त ग्रिल कशावर उभं आहे ते पाहायचं. बाहेरून चार स्क्रूंवर टांगलेलं ग्रिल चार स्क्रूंएवढंच मजबूत. गज भिंतीत गाडलेले असावेत, निदान स्क्रूंची डोकी वेल्ड करून टाकावीत. आणि आगीचा विचार करूनच ते लावावं. प्रत्येक निजायच्या खोलीत एक तरी ग्रिल आतून, किल्लीवाचून, पोराटोरांनाही उघडता येईल असं हवं.

मी जमिनीवरून हात पोचेल अशा खिडक्यांना ग्रिल ठेवलं, बाकीच्यांना लॅमिनेटेड काच आणि कडेने तीन-चार जागी अडकणारी, मशरूमच्या डोक्याच्या खुंट्यांची लॉक बसवली. मागच्या खोलीचं ग्रिल अजून जुनंच आहे, न उघडणारं. फॅब्रिकेटर माप घेऊन गेलाय, त्याचा फोन यायचाय.